गोठवलेले जंतू

लासुर्णे मागे पडलं तेव्हा संस्कृतीनं मांडीवरच्या टाकीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. टाकीच्या अंगावर पांढरं दव धरलं होतं. आतल्या द्रव नायट्रोजनची थंडी बाहेर झिरपत होती, म्हणजे टाकीचं अस्तर फुटलं होतं.

"आबा, टाकी गेली," ती म्हणाली.

"गेली म्हंजी?" तिच्या वडिलांनी, तात्याबांनी, पिकअपचा वेग कमी केला. "फुटली व्हय?"

"आतला नायट्रोजन उडून चाललाय. इंदापूरपर्यंत टिकायचा नाही."

उसाच्या पानावर लाल पट्टे पाडणारे जंतू त्या टाकीत होते, टिकलीएवढ्या तांब्याच्या जाळ्यांवर गोठवलेले. हा जंतू सुईसारख्या नळीनं आपलं विष पानाच्या पेशीत टोचतो. ती सुई संशोधकांनी उपटून पाहिली होती, पण जंतू फोडला की सुईच्या बुडाशी असलेलं यंत्र विस्कटून जातं. संस्कृतीला ते अख्ख्या जंतूच्या आत, जागच्या जागी बघायचं होतं. त्यासाठी बारामतीच्या प्रयोगशाळेत तिनं जंतू इतक्या झटक्यात गोठवले होते, की आतल्या पाण्याची काच व्हावी. जरा ऊब लागली की त्या काचेत बर्फाचे खडे होणार आणि सगळं मातीमोल. हैदराबादच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर तिला उद्याचीच वेळ मिळाली होती. पुण्याहून परतणारी तिथल्या संस्थेची गाडी तिला इंदापुरात घेणार होती.

मागं वळावं तर उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता तुंबलेला.

"आबा, गायी भरवायला येतात त्यांच्याकडं गोठवलेलं वीर्य ठेवायला असतो की नायट्रोजन!"

"निमगावात ऋषिराज हाय. आपली खिल्लारी गाय त्यानंच भरवलीया."

निमगावात ऋषिराज घराच्या दारातच मोटारसायकलला छोटी टाकी बांधत होता. सगळं ऐकून तो घुटमळला.

"ताई, देतो म्हणलं असतं. पर दोन गायी माजावर हायत, आजच भरवाव्या लागत्यात. माज गेला तर लोकं पुढच्या माजापतुर थांबत्यात. मोठी टाकी हाय घरात, पर ती गाडीवर न्हाय जात."

त्याचंही खरं होतं. तिच्या टाकीतून निघणारी वाफ एव्हाना विरळ झाली होती.

तात्याबा खाली उतरले. "आसं कर. लहान टाकी पोरीला दे. हिला इंदापुरात सोडतो आन तसाच माघारी येतो. मग मोठी टाकी पिकअपात घालून तुला गायींकडं मी फिरवतो. कितीबी गावं आसूंदेत."

ऋषिराजनं क्षणभर विचार केला. "बिगीनं या पर," म्हणत त्यानं वळूच्या वीर्याच्या कांड्या मोठ्या टाकीत हलवल्या.

आता जाळ्या ठेवलेली नळी त्या लहान टाकीत हलवायची होती. संस्कृतीनं नळीला बांधलेली दोरी ओढली. नळी वर आली नि टाकीच्या गळ्यापाशी अडकली. "सरक ना गं बाई," ती पुटपुटली. हिसका दिला तशी ती सुटली आणि दुसऱ्या टाकीत बुडाली. पण मधे ती उघड्या हवेत जास्तच राहिली होती. किती, ते तिला सांगता आलं नसतं.

इंदापुरात ती संस्थेच्या गाडीत बसली, पण हैदराबादपर्यंत तिनं पाण्याचा घोटही घेतला नाही. अडकलेली नळी डोळ्यांपुढून हलत नव्हती.

पहिली जाळी पडद्यावर आली ती बर्फाच्या काळ्या खड्यांनी भरलेली. दुसरीही तशीच. तिसरी तिथला सूक्ष्मदर्शक चालवणाऱ्या सिंधुताईंनी स्वतः बसवली. ही जाळी स्वच्छ निघाली. एका जंतूच्या पातळ कडेला त्यांनी जाळी थोडी थोडी कलती करत छायाचित्रं घेतली. संगणकानं ती जुळवून घन आकृती उभी केली, तेव्हा जंतूच्या दुहेरी आवरणात घट्ट रुतलेलं बूड दिसलं. त्यातून निघालेली बारीक सुई बाहेर आली होती, आणि आतल्या बाजूला बुडाखाली लोंबणारा एक घोस होता. उपटलेल्या सुयांना हा घोस कधीच नसायचा; जंतू फोडताना विस्कटणारं यंत्र ते हेच.

ती भिंतीला टेकून खाली बसली.

"रडतेस काय? मिळालं की!" सिंधुताई म्हणाल्या.

"एकाच जंतूत दिसलं, ताई. एकावर कोण विश्वास ठेवणार?"

"मग ऊठ. जाळी अजून अर्धी बघायची राहिलीय."

संस्कृतीनं ओढणीनं तोंड पुसलं आणि ती पडद्यापाशी जाऊन उभी राहिली.