घड्याळजीच्या दुकानाचा पत्ता

ब्रेकबाईंनी आयुष्यभर लोकांना गाडी चालवायला शिकवलं. शिकवताना एक शब्द त्या इतक्या जोरात ओरडायच्या की शेवटी तोच नाव म्हणून त्यांना चिकटला. वयाप्रमाणे त्या निवृत्त झाल्या, पण आवाज काही निवृत्त झाला नाही. आता तो आवाज तीन वर्षांच्या नातीला दूध संपवायला लावायचा, आणि दर शनिवारी सकाळी रेडिओवर ऐकू यायचा.

स्थानिक रेडिओवर ‘कुठे घडलं?’ नावाचा कार्यक्रम लागायचा. शहरात पूर्वी गाजलेल्या एखाद्या गुन्ह्याबद्दल निवेदक कोड्यात बोलायचा, आणि तो गुन्हा नेमका कुठे घडला ते श्रोत्यांनी फोन करून सांगायचं. ब्रेकबाईंचा फोन बहुतेक वेळा पहिला असायचा आणि उत्तर बरोबर. मागे एकदा कोडं आलं होतं, ‘उलट वाचा की सुलट, नाव तेच. नावात तारुण्य, अंगात म्हातारपण. भरलेली गाडी तिथे थांबली आणि रिकामी होऊन निघाली.’ लोक डोकं खाजवत बसले. ब्रेकबाई कणीक मळता मळता म्हणाल्या, “नवीन पूल! नवीन उलटं वाचलं तरी नवीनच. आणि तो पूल नवीन होता तेव्हा माझी आजी परकरात होती. पगाराची व्हॅन लुटली ना तिथे!” आणि पिठाच्या हातानेच त्यांनी फोन उचलला.

त्यांची सून इस्पितळात एक्स-रे काढायची. शनिवारी तिला सुट्टी असायची, म्हणून कोडं कागदावर उतरवून घेण्याचं काम तिच्याकडे. बक्षिसात मिळालेले थर्मास ठेवायला घरात जागा उरली नव्हती.

त्या शनिवारी निवेदकाने घसा खाकरून कोडं वाचलं. “भागीदाराने भागीदाराचा काटा काढला आणि भिंतीवरचे सगळे काटे थांबले. आज तिथे सकाळी रडतात, दुपारी झोपतात आणि संध्याकाळी हसत घरी जातात.”

“सकाळी रडतात, दुपारी झोपतात,” सून म्हणाली, “आई, हे तर आमचं इस्पितळ.”

“तुझ्या इस्पितळात कोणी कोणाचा काटा काढला का?”

“रोज काढतात.”

ब्रेकबाई हसल्या, पण मनात त्यांचं चाक फिरायला लागलं होतं. काटे थांबले म्हणजे घड्याळं. आणि घड्याळं म्हटली की या शहरात एकच प्रकरण. दोन भागीदारांचं घड्याळाचं दुकान होतं. एकाने दुसऱ्याला मारलं आणि मागच्या खोलीच्या भिंतीत चिणलं. गावाला सांगितलं, तो परदेशी गेला. पण सगळ्या घड्याळांना चावी द्यायचं काम त्या मेलेल्याचंच होतं. हळूहळू दुकानातलं एकेक घड्याळ बंद पडत गेलं, गिऱ्हाइकांना शंका आली, आणि पोलीस आले. वर्तमानपत्रांनी किती दिवस दुसरं काही छापलंच नव्हतं. पुढे तो रस्ता रुंद झाला, घरांचे नंबर बदलले, नवी माणसं राहायला आली, आणि ते दुकान नेमकं कुठलं हे लोक विसरून गेले.

ब्रेकबाई विसरल्या नव्हत्या. त्या स्वतः गाडी शिकल्या ती पाण्याच्या टाकीखालच्या चढावर, आणि चढ संपतो तिथल्या कोपऱ्यावर ते दुकान होतं. दाराच्या वर भिंतीत एक मोठं गोल घड्याळ बसवलेलं असायचं. आता त्या गोल खळग्यात कोणीतरी हसरा सूर्य रंगवला होता.

“अगं, पाळणाघर!” त्या ओरडल्या. “सकाळी रडतात, दुपारी झोपतात! चढावरचं पाळणाघर!”

फोन लागला. छातीठोकपणे त्यांनी पत्ता सांगितला, वरून खळग्याचा आणि सूर्याचा पुरावाही दिला. निवेदक म्हणाला, “बरोबर! ब्रेकबाई, तुमच्यापुढे आम्ही हात टेकले.” सुनेने टाळ्या वाजवल्या. काही कळलं नाही तरी नातीनेही वाजवल्या.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी दारावरची बेल वाजली. दारात तिशीतली एक बाई उभी होती. खांद्यावर लाळेरं तसंच राहिलेलं, केस कसेबसे बांधलेले.

“तुम्हीच ब्रेकबाई ना? चढावरचं पाळणाघर माझं आहे. मुलं मदतनीस बाईवर सोपवून आलेय.”

ब्रेकबाईंनी तिला आत घेतलं, पाणी दिलं. ती पाणी न पिताच बोलायला लागली.

“काकू, शनिवारपासून माझ्या दारात माणसं येऊन उभी राहतायत. फोटो काढतात. एक जण तर मुलांच्या बाथरूमपर्यंत आत आला, म्हणे भिंत दाखवा. निम्म्या आयांनी मुलं पाठवायची बंद केली. मी ते घर घेतलं तेव्हा मला कोणी काही सांगितलं नव्हतं. खरं सांगा, ते घर तेच आहे का?”

समोरची बाई त्यांच्या तोंडाकडे अशी बघत होती की ‘नाही’ म्हणाल्या असत्या तर तिने तिथेच त्यांचे पाय धरले असते.

“हो,” त्या म्हणाल्या. “तेच आहे.”

पाळणाघरवाली खुर्चीत मागे टेकली. “मग निदान रेडिओवर सांगा ना, की तुमचं चुकलं.”

“जे चुकलं नाही ते चुकलं म्हणून कसं सांगू? आणि लोक काय दुधखुळे आहेत? उद्या दुप्पट येतील, खरं काय ते बघायला.”

“मग मी काय करू?”

“ते मला आत्ता माहीत नाही,” ब्रेकबाई म्हणाल्या. “पण चला. मी येते तुमच्याबरोबर.” त्यांनी नातीला चपला घातल्या आणि दाराला कुलूप लावलं.

चढावर पाळणाघरासमोर एक मोटार अर्धी रस्त्यात, अर्धी फुटपाथवर उभी होती. दोन तरुण फाटकाला टेकून फोटो काढत होते. ब्रेकबाईंनी लांबूनच आवाज दिला, “गाडी कोणाची? चढावर गाडी लावताना चाक वळवायचं कोणी शिकवलं नाही का? हँडब्रेक तरी ओढलाय?” तरुणांचे मोबाइल खिशात गेले. “आणि आत मुलं झोपलीत. निघा.” ते निघाले. ब्रेकबाईंची नजर पाठीवर असल्यामुळे असेल, पण मोटार एकदा बंद पडली.

आत खोलीत मोजकीच मुलं झोपलेली होती. ब्रेकबाईंना एक गोष्ट विचित्र वाटली. सगळ्या गाद्या खोलीच्या अगदी मध्यात, एकमेकींना चिकटवून घातलेल्या. चारही बाजूंना जागा रिकामी.

“अशा का घातल्यात?”

पाळणाघरवालीने नजर चुकवली. “कुठली भिंत ते मला माहीत नाही ना. म्हणून सगळ्याच भिंतींपासून लांब.” मग अगदी हळू म्हणाली, “काल रात्री मी दिवा चालू ठेवून झोपले, काकू. माझ्याच घरात.”

ब्रेकबाई तिथल्या बुटक्या स्टुलावर बसल्या. इतके दिवस हे घर त्यांच्या दृष्टीने एक उत्तर होतं, पटकन सांगायचं आणि जिंकायचं. आत्ता भिंतीला खुंट्यांवर लहान लहान दप्तरं टांगलेली होती, एकावर हत्ती, एकावर ससा. ज्यांची मुलं येत नव्हती त्या खुंट्या मोकळ्या होत्या.

पण गप्प बसून राहणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्या उठल्या आणि मागच्या भिंतीजवळ जाऊन त्यांनी तिच्यावर चापट मारली.

“ही बाजू. पण ऐका, ती भिंत ही नव्हे. ती पोलिसांनी मुळापासून फोडली. मी तेव्हा इथेच गाडी शिकत होते, रस्त्यावर विटांचा ढीग पडलेला मी डोळ्यांनी बघितलाय. कितीतरी दिवस इथे नुसती ताडपत्री होती. ही भिंत नंतर बांधलेली आहे. हिने कोणाचं काही वाकडं केलेलं नाही. घाला गाद्या खुशाल.”

पाळणाघरवालीने भिंतीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. “नक्की?”

“मी कधी अंदाजे बोलते का?”

दोघींनी मिळून एक गादी हळूच भिंतीशी सरकवली. तिच्यावर झोपलेला पोरगा कूस बदलून पुन्हा झोपला. तोवर ब्रेकबाईंची नात कोपऱ्यातल्या ठोकळ्यांवर जाऊन बसली होती आणि कोणाशी न बोलता बुरूज रचत होती.

संध्याकाळी ब्रेकबाईंनी सुनेसमोर बेत मांडला. नातीला तिथेच घालायचं.

सुनेच्या हातातला चमचा तसाच राहिला. “आई, तुम्हाला काहीच वाटत नाही?”

“वाटलं. म्हणून तर आत जाऊन बसले. पोर घरात माझ्याशी खेळून कंटाळलीय, तिथे उठायला तयार नव्हती. पण मुलगी तुझी आहे. तू नाही म्हणालीस तर विषय संपला.”

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना सून स्वतः पाळणाघरात गेली आणि बराच वेळ तिथे होती. घरी आल्यावर पर्स ठेवत म्हणाली, “तो खून होऊन जमाना झाला. मी बाथरूमची कडी बघितली, आतून मुलांना लावता येत नाही. गॅस उंचावर आहे. बाईंना प्रत्येक मुलाला काय चालत नाही ते तोंडपाठ आहे. सोमवारपासून पाठवू.”

त्या शनिवारी निवेदकाने नवीन कोडं वाचायला तोंड उघडलं, तेवढ्यात पहिला फोन लागला.

“ब्रेकबाई, अहो अजून कोडं वाचलं नाही!”

“मला कोडं नकोय, मला बोलायचंय. गेल्या वेळी पत्ता मी सांगितला. तो बरोबर होता, आजही बरोबर आहे. पण तिथे एक बाई राहते आणि लहान मुलं झोपतात, हे तुमच्याही लक्षात आलं नाही आणि माझ्याही. ज्या भिंतीसाठी लोक जातायत ती पोलिसांनी तेव्हाच पाडली, तिथे बघण्यासारखं काही नाही. सोमवारपासून माझी सख्खी नात तिथे जाणार आहे. मुलाला पाळणाघरात घालताना घराचा इतिहास विचारू नका, सांभाळणाऱ्या बाईचा स्वभाव विचारा.”

“अगदी खरं आहे, तर आता आपण…”

“थांबा. अजून एक. ज्या घरात आज कोणी राहतं, त्याचं कोडं यापुढे घालायचं नाही.”

निवेदक चाचरला. “ते, म्हणजे, नियम स्टेशन ठरवतं.”

“मग ठरवा. मी लाइनवरच आहे.”

रेडिओवर कुजबूज ऐकू आली, कागद सरकल्याचा आवाज आला. स्वयंपाकघरात सुनेने तोंडावर हात दाबून धरला होता. शेवटी निवेदक परत आला आणि म्हणाला की सूचना मान्य आहे, आजचं कोडंही बदलतो, तोवर श्रोत्यांनी एक गाणं ऐकावं.

सोमवारी नात फाटकाशी भोकाड पसरून रडली. ब्रेकबाई वळून न बघता चढ उतरल्या, आणि खाली पायथ्याशी जाऊन बराच वेळ कान देऊन उभ्या राहिल्या.

सगळी मुलं परत आली नाहीत. दोन घरांनी दुसरीकडे सोय केली ती केलीच. फोटो काढणारे मात्र हळूहळू थांबले, आणि शेजारच्या गल्लीतून काही नवी मुलं आली. एका सकाळी एक आई आपल्या जुळ्यांना घेऊन पुन्हा फाटकाशी आली. ब्रेकबाई तिथेच उभ्या होत्या. त्या आईने त्यांना ओळखलं आणि आवाज खाली आणून विचारलं, “ते रेडिओवर तुम्हीच ना? मला एवढंच सांगा, आत गेल्यावर तुम्हाला काही जाणवलं का हो?”

“हो,” ब्रेकबाई म्हणाल्या. “खिचडीचा वास. भूक लागली मला.”

ती आई हसली. पुढे काही विचारावं म्हणून तिने तोंड उघडलं, तर जुळी हात सोडून केव्हाच आत पळाली होती.