मागे कोणी नाही

"शेपूट म्हणजे मी," असं म्हणत त्याने औषधांचं दुकान असलेल्या एका पाहुण्याच्या पोटावरून जॅकेटचा पट्टा ओढून घट्ट केला आणि बोटीतली माणसं हसली. हा विनोद तो रोज करायचा. घळीत शिरणाऱ्या टोळीच्या पुढे एक वाटाड्या असतो आणि सगळ्यांत मागे एक. त्या मागच्याला शेपूट म्हणतात, हे पाहुण्यांना कधीतरी सांगावंच लागतं. लोक आपल्याला हसणार, त्यापेक्षा आपणच आधी हसवून मोकळं व्हावं, हे त्याने फार पूर्वी ठरवून टाकलं होतं. त्याचं खरं नाव आता सहली नेणाऱ्या कचेरीतल्यांनाही आठवून सांगावं लागे.

बोटीच्या पुढच्या टोकाला त्याची लेक उभी होती. लांब काठीने तळाला रेटत ती बोट आत नेत होती. दोन्ही बाजूंचे चुनखडीचे कडे जवळ येत गेले, आभाळाची एक चिंधी उरली आणि पाणी दुधट हिरवं झालं. औषधवाल्याची बायको नवऱ्याला काहीतरी सुनावत होती आणि तो बापडा मान डोलवत होता. एकूण मंडळी खुशीत होती. बोट जिथे अडते तिथल्या दगडी ओट्यावर सगळे उतरले, लेकीने दोर बांधला, आणि गुडघाभर पाण्यातून रांग आत निघाली. सगळ्यांत शेवटी शेपूट.

शेपटाचं काम सोपं असतं. प्रत्येक वळणावर पुढचा थांबतो आणि हाक देतो, "मागे कोण?" शेपटाने वळून बघायचं, पाहुणा मागे राहिलेला नाही याची खात्री करायची आणि ओरडून सांगायचं, "मागे कोणी नाही." ते ऐकू आलं की रांग पुढे सरकते, नाही आलं तर हलत नाही. रांजणखळगे माणूस गिळतील एवढे खोल, कपारी अंधाऱ्या. तिथे या दोन वाक्यांवरच सगळ्यांचा जीव असतो. ऐकायचं, बघायचं आणि सांगायचं. त्यातलं पहिलं त्याला आता जमत नव्हतं.

आधी पाखरं गेली. मग किटलीची शिट्टी गेली, आणि मग लेकीची निम्मी वाक्यं. शहरातल्या डॉक्टरांनी कानात उजेड पाडून सांगितलं की आतल्या नसा सुकत चालल्यात, यंत्र बसवता येईल पण ते पाण्यात चालायचं नाही. त्याने डॉक्टरांचे आभार मानले आणि घरी येऊन कोणालाही काही सांगितलं नाही. कचेरीला कळलं असतं तर त्याला जॅकेटांच्या शेडमध्ये बसवलं असतं. जॅकेटं धुऊन वाळत घालणं हे काही हलकं काम नव्हे, पण शेड घळीबाहेर होती, आणि त्याला घळ सोडायची नव्हती. कारण सांगण्यासारखं नव्हतं. घरात बायकोची रिकामी खुर्ची तेवढी होती. बायको असल्यासारखं वाटायचं ते घळीतच.

लेकीच्या आधी रांगेच्या पुढे तीच असायची. लग्नानंतर पहिल्यांदा घळीत काम करताना तिने वळणावरून हाक दिली होती, "अहो!" नवऱ्याला दुसरं काय म्हणणार? घळीने लगेच उत्तर दिलं, "हो… हो…" तिला वाटलं, नवरा म्हणाला हो, सगळे आले. ती रांग घेऊन पुढे गेली, आणि तो मागे एका मुरगळलेल्या पायाच्या म्हाताऱ्याला खांद्यावर घेऊन घसा फोडत राहिला. त्या दिवशी कोणी दगावलं नाही हे नशीब. संध्याकाळी नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण झालं, मग हसू झालं, आणि तेव्हापासून घळीत 'हो' असलेला शब्द कोणी तोंडातून काढत नाही. तिने तर त्याला घळीत सरळ अरेतुरे सुरू केलं. "मागे कोण रे?" घरी अहो आणि पाण्यात अरे. पाहुण्या बायका तोंडाला हात लावायच्या. त्याला मात्र ते अरे फार आवडायचं.

पुढे तिची छाती बिघडली. शेवटच्या महिन्यांत आवाजच राहिला नाही, नुसते ओठ हलायचे. ओठांवरून बोलणं ओळखायला तो तिच्या उशाशी शिकला. आता तेच शिक्षण कामी येत होतं. घळीत तर त्याची युक्ती आणखी सोपी होती. पुढून हाक आली की पाहुणे हमखास वळून शेपटाकडे बघतात, आता हा काय म्हणतो म्हणून. माना वळल्या की तो मागे बघून घ्यायचा आणि उत्तर द्यायचा. दोन वर्षं असं निभावलं होतं. एकदाही चूक झाली नव्हती, आणि त्याला त्याचा थोडा गर्वही होता. आपण केवढा धोका पत्करतोय हे त्याला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. रात्री झोप लागायची नाही, आणि सकाळी तो पुन्हा जॅकेट चढवायचा.

बहिऱ्या माणसाची घळ वेगळी असते. कड्यावरून पाणी पडताना दिसतं, पण त्याचा आवाज नसतो. माणसं तोंडं उघडतात, मिटतात. त्याला पाण्याकडेच जास्त बघावं लागे, आणि त्यामुळे गेल्या काही महिन्यांत एक गोष्ट त्याच्या लक्षात आली होती. माणूस पाण्यातून चालला की त्याच्या पायांची लाट पुढे जाते. पुढच्यांच्या लाटा पुढे जायच्या, त्याची त्याच्यापुढे जायची. पण मधूनच त्याच्या पोटऱ्यांना मागून हलका धक्का लागायचा आणि एक बारीक लाट दोन्ही बाजूंनी त्याला ओलांडून जायची. मागून कोणी चालत आल्यासारखी. तो वळून बघायचा. हिरवं पाणी, ओला दगड. मग तो ओरडून सांगायचा, मागे कोणी नाही, आणि ते खरंच असायचं.

त्या दिवशी ते गळ्यात शिरले. गळा म्हणजे घळीतली सगळ्यांत अरुंद जागा. तिथे आडवं होऊन, पाठ एका कड्याला आणि छाती दुसऱ्याला घासत सरकावं लागतं. पाणी कमरेपर्यंत येतं आणि मान मागे वळवता येत नाही. बाकीचे पलीकडच्या रुंद जागी पोचले होते; औषधवाला त्याच्या पुढेच गळ्यातून बाहेर निघत होता आणि पोट आत घेता घेता काहीतरी विनोद करत होता, हे त्याच्या हलणाऱ्या खांद्यांवरून कळत होतं. तेवढ्यात शेपटाच्या कमरेला मागून पाणी लागलं. लाट त्याला ओलांडून पुढे गेली, आणि एकदम सगळ्या माना वळल्या.

त्याने रोजच्यासारखं ओरडून सांगितलं, "मागे कोणी नाही."

वळून न बघता सांगण्याची ती पहिलीच वेळ. गळ्यात बघता येतच नाही, अशी त्याने मनाची समजूत घातली. पण रांग हलली नाही. औषधवाल्याचं हसू अर्ध्यावर राहिलं होतं. त्याची बायको नवऱ्याचा दंड घट्ट धरून उभी होती. आणि तेव्हा शेपटाच्या ध्यानात आलं की ही माणसं त्याच्याकडे बघतच नाहीयेत. सगळ्यांची नजर त्याच्या खांद्यावरून मागे, तो आत्ता जिथून आला त्या अंधारात लागली होती.

लेक रांगेतून अंग चोरत मागे आली. एकेका पाहुण्याच्या खांद्याला हात लावत ती मोजत येत होती. सगळे होते. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि तिने त्याला काहीतरी विचारलं. विजेरीचा उजेड तिच्या हातात होता, ओठ अंधारात होते. त्याला काही कळलं नाही. उत्तर तर द्यायला हवं होतं.

"तू हाक मारलीस, मी उत्तर दिलं," तो म्हणाला. "तुला ऐकू नाही आलं का?"

लेक त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने विजेरी वळवून स्वतःच्या तोंडावर धरली आणि सावकाश म्हणाली, "मी हाक मारली नाही, बाबा."

एवढ्या एका वाक्यात सगळं उघड झालं. दोन वर्षं लपवलेलं एका क्षणात तिच्या डोळ्यांत उतरलेलं त्याने पाहिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. रागावली नाही. त्याला गळ्यातून बाहेर ओढून ती मागच्या वळणापर्यंत गेली, कपारीकपारीत उजेड टाकून आली आणि मान हलवली. तिथे कोणी नव्हतं. औषधवाल्याने मोठ्याने, हातवारे करत त्याला सांगितलं की एक बाई बोलली, अगदी जवळून, तुमच्या मागूनच. औषधवाल्याच्या बायकोने नवऱ्याला गप्प केलं.

पुढे जायला कोणी तयार नव्हतं. परतताना लेकीने त्याला रांगेच्या पुढे उभं केलं आणि स्वतः शेपूट झाली. त्याने आयुष्यभर घळ पाहिली ती माणसांच्या पाठींमधून. आता समोर पाठ नव्हती, नुसतं उघडं पाणी आणि वर चढत गेलेले दोन कडे. बायको रोज हेच बघत चालायची तर, असं त्याच्या मनात आलं. वळणावर थांबून हाक देणं त्याच्याकडे होतं. त्याने हाक दिली. उत्तर आलं की नाही हे कळायला त्याला दर वेळी मागे वळून लेकीचे ओठ बघावे लागले. पाहुण्यांनाही आता समजलं होतं.

धक्क्यावर पोचल्यावर मंडळी पटापट उतरून गेली. लेक बोटीतलं पाणी उपसत बसली. तो तिच्यासमोर फळीवर बसला आणि म्हणाला की शेडमध्ये उद्यापासून जाईन, तू कचेरीत सांग, माझी तक्रार नाही. तिने मान हलवली. मग त्याने विचारलं की ती बाई कोण होती.

तिने वारा असेल अशी खूण केली.

"वाऱ्याने त्या औषधवाल्याचं तोंड असं बंद झालं नसतं. तू ओळखलंस. मी तुझा चेहरा पाहिलाय."

लेकीने डबा खाली ठेवला. "आई," ती म्हणाली. हा शब्द ओळखायला कान लागत नाहीत.

त्याला भीती वाटली नाही. आतून काहीतरी वर आलं आणि तो चक्क हसला. म्हणजे त्या लाटा उगाच नव्हत्या. म्हणाला, घळीत इतकी वर्षं ओरडली, राहिला असेल तिचा आवाज कुठेतरी दगडात अडकून. काय म्हणाली? मागे कोण रे, असंच ना?

"नाही."

"मग?"

लेक काहीतरी बोलली. त्याला दिसलं, पण विश्वास बसला नाही. त्याने पुन्हा सांगायला लावलं. ती तोंड त्याच्या कानाशी नेऊन मोठ्याने म्हणाली, लेकीने बापाला कधी म्हणू नये तो शब्द. "अहो. अहो म्हणाली, बाबा. घरी म्हणायची तसं. हळूच."

घळीच्या तोंडातून उत्तर आलं, "हो… हो…" ते लेकीने ऐकलं आणि तिच्या अंगावर काटा आला. त्याला काही ऐकू आलं नाही. तो आपल्या हातांकडे बघत होता. सबंध आयुष्यात तिच्या एका हाकेला आपण उत्तर चुकवलं नाही, आणि आज ती घरचा शब्द घेऊन अगदी पाठीशी आली तेव्हा आपण काय उत्तर दिलं, हे त्याला समजत होतं. ते किती मोठ्याने ओरडून दिलं हेही.

"जेवायला चला," लेक म्हणाली. त्याचं लक्ष नव्हतं. ती धक्क्यावर चढली, शेडपर्यंत गेली आणि वळून पाहिलं. तो पाण्याकडे तोंड करून तसाच बसला होता, जॅकेट अजून अंगात. हाक मारून उपयोग नव्हता. ती परत खाली आली, बोट हलू नये म्हणून जपून आत उतरली आणि त्याच्या शेजारी फळीवर बसली.