एक्केचाळीस पट्ट्या

मित्रांनो, आमच्या गुरुजींना आलेले एक पत्र चार महिने माझ्या पोटात पडून होते. त्याला उत्तर गेले नव्हते. का, ते सांगायचे तर आधी माझी ओळख द्यावी लागेल.

मी गोंदियाकडच्या दरेकसा गावचा, बांबूचा एक जुना पाळणा आहे. बकाराम नावाच्या कारागिराने मला विणले. मी एका घरचा कधीच नव्हतो. गावात कोणी बाळंत झाली की वच्छलाबाई मला डोक्यावर घेऊन तिच्या घरी जायची. आईला शेकायची, बाळाला तेल लावायची आणि मला आढ्याला टांगायची. बाळ रांगू लागले की मी परत निघायचो. तेव्हा ती आई आपल्या जुन्या लुगड्याची एक पट्टी माझ्या काठाला बांधायची. पुढच्या बाळंतिणीला धीर यावा, इतकाच हेतू. अशा एक्केचाळीस पट्ट्या माझ्या अंगावर आहेत.

पुढे बाजारात जाळीचे, चाकांचे पाळणे आले. मला कोणी बोलावीना. खेमराज गुरुजींनी मला ओसरीत टांगले आणि माझ्यात वर्तमानपत्रे साठवली. वाईट वाटले नाही असे म्हणणार नाही. पण कागद रडत नाहीत, एवढे खरे.

गुरुजी पुस्तकात रमणारे, फार लाजरे. त्यांनी माझ्या पट्ट्यांची यादी केली: रंग, मूल, वडील. ती गोंदियाला शिकणाऱ्या आपल्या जुन्या विद्यार्थिनीला, आचलला पाठवली. आई आणि सांभाळणाऱ्या बायांवर ती अभ्यास करत होती. तिने यादीवरून प्रत्येक पट्टीचे चित्र काढले आणि पत्रात विचारले, 'गुरुजी, लुगडी आयांची, मग यादीत आयांची नावे का नाहीत? एप्रिलच्या शेवटी प्रदर्शन आहे. नावे आली नाहीत तर चित्रांखाली वडिलांचीच छापावी लागतील.'

तीस वर्षे हजेरी घेतलेल्या गुरुजींना ती नावे ठाऊक नव्हती. आमच्या गावात बाईला 'अमक्याची माय' म्हणतात. विचारत दारोदार फिरायचे कसे? त्यांनी उत्तर तीनदा लिहायला घेतले, तीनदा फाडले.

प्रदर्शनाला पंधरा दिवस उरले असताना वच्छलाबाई मोहफुले वाळवायला जुने पेपर मागायला आली. मोतीबिंदूमुळे तिला धड दिसत नाही. पेपर काढताना तिची बोटे एका पट्टीवर थांबली.

"अवो माय! हा तर भागरताचा लुगडा."

"भागरता कोण?"

"का मास्तर! हेमेंद्रची माय नाही का? पोराचे कान पिरगाळले, अन् मायचा नाव ठाऊक नाही?"

गुरुजी खाली बघत म्हणाले, "मी सगळीकडे बापांचीच नावे लिहिली."

"काऊन गा? लुगडा का बापानं नेसला होता?"

गुरुजी हसले आणि घाईने वही घेऊन आले.

दोन दुपारी ती पट्ट्या चाचपत राहिली. एकीपाशी म्हणाली, "याची माय तापानं पडली होती. दोन महिने याच्या मंजूकाकूनं सांभाळला. मायचा अन् काकूचा, दोघीचा नाव लिवा." अकराव्या पट्टीपाशी ती म्हणाली, "हा तुमच्या घरचा." यादीत तिथे होते: भूपेंद्र, वडील खेमराज. गुरुजींनी त्यापुढे लिहायला घेतले.

आतून त्यांच्या पत्नी सुशीलाबाईंनी विचारले, "कोनाचा नाव लिवून राहिले?"

"तुझे."

"चाळीस वर्सानं?"

तीन पट्ट्या वच्छलाबाईला ओळखू आल्या नाहीत. त्या तीन घरी गुरुजी स्वतः गेले. चप्पल घालून दोनदा अंगणातूनच परतले, तिसऱ्यांदा गेले. मग यादीच्या अगदी वर त्यांनी लिहिले, 'पाळणा घरोघरी नेणारी, वच्छला.'

"माहा काऊन? माही तर पट्टीच नाही."

"म्हणूनच," गुरुजी म्हणाले.

मित्रांनो, मी बांबूचा. आणखी किती टिकेन, सांगता येत नाही. तुम्हाला कोणी कोणी सांभाळले, त्यांची नावे विचारून घ्या. सांगणारे माणूस आहे तोवरच.

काल सकाळी गुरुजींनी पाकिटाला दोनदा डिंक लावला. समोरच्या भिंतीवरची लाल पेटी मला ओसरीतून दिसते. तिथे उभे राहून त्यांनी पत्ता पुन्हा वाचला, मग पुन्हा.

"टाका ना गा, मास्तर!" वच्छलाबाई ओरडली.

त्यांनी टाकले.