चार इंचांत बसवलेला आवाज

"बाबा, हा आवाज नक्की कुठल्या खोक्यातून येतोय?"

ऋताने हे विचारलं ते वास्तुशांतीच्या जेवणात, बाबांच्या हातात मसालेभाताचं पातेलं आणि भोवती सगळं गणगोत असताना. विचारायला लावलं होतं तिच्या वर्गातल्या अस्मिता आणि सपनाने. हात धुऊन येताना अस्मिताने भिंतीवरच्या स्पीकरच्या कापडावर तळहात ठेवून पाहिला होता. सनई दणक्यात चालली होती आणि कापड जरासुद्धा थरथरत नव्हतं. मग दोघींनी डिवचलं, हिंमत असेल तर सगळ्यांसमोर विचार. गेल्या वर्षीची ऋता मान खाली घालून जिलेबी कुरतडत बसली असती. पण मध्यंतरी तिने स्वतःच्या हातांनी स्पीकर बनवले होते, ते चक्क वाजले होते, आणि तेव्हापासून ती कोणाच्या बापाला भीत नव्हती. स्वतःच्यासुद्धा.

बाबा हसले. "तुझ्याच गं. दुसरं कोण वाजणार?"

आणि पाहुण्यांकडे वळून त्यांनी पुन्हा तीच टेप लावली. पोरीने प्लाय आणला, व्हिडिओ बघितले, जुन्या घराच्या गॅलरीत बसून ठोकाठोक केली, आणि आता मुलुंडच्या या नव्या टॉवरमधलं होम थिएटर तिचंच. शकुआत्याने ऋताच्या गालावरून हात फिरवला. आमच्या घाटकोपरच्या हॉललाही असेच चपटे करून दे हं, म्हणाली. ऋताने तोंड उघडायच्या आत बाबांनी होकार देऊन टाकला.

ऋताच्या मनात मात्र खुट्ट झालं होतं. तिचे खोके चांगले फूटभर खोल होते. हा हॉल एवढासा, म्हणून इंटिरियरवाल्या निलेशने टीव्हीच्या भिंतीला चारच इंचांचं पॅनेल काढलेलं. आई म्हणाली होती, मागून काप की, झालं. ऋताने तिला समजावलं होतं की खोका म्हणजे नुसतं लाकूड नाही, आतली हवापण कामाची असते. खोक्याची खोली कमी केली तर उंची-रुंदी वाढवायची, हवा तेवढीच राहिली पाहिजे. आणि स्पीकरचा मॅग्नेट मागे टेकू नये म्हणून पुढे प्लायचं जाड कडं बसवून तो जरा बाहेर काढायचा. निलेशला तिने चित्रसुद्धा काढून दिलं होतं. परीक्षा झाली की मीच करते, असं ती म्हणाली होती आणि बाबांनी मान डोलावली होती. अन् परवा शाळेतून येते तर स्पीकर भिंतीवर. तुझ्या चित्राबरहुकूम केलेत, सरप्राइज, असं आईने सांगितलं. वर, वास्तुशांत होईपर्यंत हात लावायचा नाही अशी ताकीदही दिली.

पाहुणे पांगले. ऋता स्टुलावर चढली, कापड ओढून काढलं आणि पुढची फळी उचकटली.

आधी वास आला, गुटख्याचा. खोक्याच्या कोपऱ्यात वाळलेली लाल पिचकारी, तिला चिकटलेला भुसा, वर फाडलेली पुडी. तिने आतून नीट चिकटवलेला कापूस उपटून, बोळे करून कोंबलेला. तरी हे काहीच नाही असं वाटावं, असा स्पीकर समोर होता. त्याला मॅग्नेटच नव्हता. मागचं सगळं धड करवतीने उडवून नुसता पुढचा काळा कागद फळीला डकवलेला, पेंढा भरलेल्या जनावराचं मुंडकं टांगावं तसा. कडेने ओघळलेला डिंक शेंबडासारखा वाळून लोंबत होता. आणि खाली, पॅनेलच्या फटीत, एक विकतचा साउंडबार निमूट बसून सनई वाजवत होता.

"शी," ती म्हणाली. "हे कोणी केलं?"

बाबा सांगायला लागले. खोके मागून कापले तरी मॅग्नेट काही केल्या मावेना, मुहूर्त तर ठरलेला, निलेश तरी बिचारा काय करणार. आईचं म्हणणं, दिसतंय झकास, मागे वाकून कोण बघायला येतंय? मग बाबांनी तिची समजूत घातली.

"अगं, पण कौतुक तर तुझंच झालं ना?"

यापेक्षा ती पिचकारी बरी होती. ऋताने आत्याने कुरवाळलेला गाल बाहीने खसाखसा पुसला. दुपारभर सगळ्यांनी तिच्या पानात दुसऱ्याचं उष्टं वाढलं होतं आणि तिने ते खाल्लं होतं, थोडं लाजत, थोडं आवडीने. त्या आवडीचीच तिला सगळ्यात जास्त किळस आली. तिने स्क्रू काढून दोन्ही खोके खाली उतरवले, आईने नवीनच आणलेल्या सोफ्यावर पिचकारीसकट ठेवले, आणि बाबांचा मोबाइल उचलला.

"मी शकुआत्याला आत्ता फोन करतेय. आज वाजलं ते माझं नव्हतं, माझं तुम्ही कापून टाकलंत, हे सांगणार. त्यावरही तिला माझे हवे असतील तर पहिले तिचे करीन. आपली भिंत तोवर रिकामी राहील. आणि का रिकामी आहे असं कोणी विचारलं, तर उत्तर मी देणार, तुम्ही नाही."