चाळीस कुणग्यांचा कौल

सरला परुळेकरला आयुष्यात दोनच गोष्टींची भीती वाटायची. एक साप आणि दुसरे एकबोटेसर. साप निदान वर्षातून एकदा दिसायचा, सरांचं पत्र मात्र दर पंधरवड्याला यायचं.

सरला कुडाळच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची आणि चौतिसाव्या वर्षी पीएच.डी.ला बसली होती. विषय तिला मामाच्या शेतात सापडला. चौऱ्याऐंशी साली खाडीचा बांध फुटला आणि जयराममामांच्या भातशेतीत समुद्र शिरला. पाणी ओसरलं, मीठ राहिलं. पुढचे दोन पावसाळे भाताने डोकं वर काढलं नाही. आता खाडीकाठी घोळीच्या भाजीसारखी, पण जाड पानांची एक वनस्पती उगवते. गावात तिला खारी घोळ म्हणत, आणि गुरंसुद्धा तिला तोंड लावत नसत. ती मीठ पिऊनच पोसते. मग ती शेतात लावली आणि वाढली की कापून बाहेर टाकली, तर जमिनीतलं मीठ तिच्याबरोबर जाईल का? सरलाचा प्रश्न एवढाच होता. मामांनी तिला चाळीस कुणगे दिले. कुणगा म्हणजे बांधाने वेढलेला भाताचा लहानसा तुकडा. विसांत घोळ लावायची, वीस मोकळे ठेवायचे आणि मे महिन्यात सगळ्यांची माती तपासायची.

एकबोटेसर मुंबईला संख्याशास्त्र शिकवायचे आणि सरलाचे मार्गदर्शक होते. निम्मा दिवस ते एका यंत्राच्या हातापाशी असत. टेबलावरच्या ठोकळ्यांना न धडकता त्या हाताने पेला कसा उचलावा, त्याची वाट कशी आखावी, याचं गणित सर मांडत. नाव एकबोटे आणि काम हाताचं, यावर त्यांचे विद्यार्थी बारा वर्षं हसत होते. अर्थात पाठीमागे.

सरांचा एक नियम होता. कुठल्या तुकड्यात रोप जाणार हे माणसाने ठरवायचं नाही. माणूस लाडकं रोप चांगल्या जमिनीत लावतो आणि मग म्हणतो, बघा माझं रोप किती गुणी! म्हणून सरांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे आकडे काढले, वीस कुणग्यांची यादी टाइप केली आणि सरलाकडे पाठवली. सरलानेही मामांना बजावलं, "मामा, खंयच्या कुणग्यात लावूची ता तुमी ठरवूचा नाय. मियाय ठरवूचा नाय. आपलो हात लागलो तर सगळा फुकट."

पण शहाऐंशीच्या कार्तिकात, नेमकी लावणी तोंडावर आली असताना, सरलाला कांजिण्या झाल्या. वय चौतीस आणि रोग पाच वर्षांच्या पोरांचा! तिने यादी पाकिटात चिकटवून मामांना द्यायला गावच्या एका मास्तरांकडे दिली आणि तीन आठवडे कडुनिंबाच्या पाल्यावर लोळत पडली. बरी होऊन शेतावर गेली, तर वीस कुणग्यांत घोळ तरारून उठलेली आणि वीस मोकळे. तिला मामांच्या पाया पडावंसं वाटलं. तिने शेताचा नकाशा काढला, कुणग्यांना नंबरांच्या पाट्या होत्याच, आणि पुढचे सहा महिने ती घोळ कापत, माती भरत, तपासत राहिली.

मे महिन्यात सरांचं पत्र आलं. "सोमवारी येतो. शेत बघायचं आहे. यादीची प्रत मी ठेवलेली नाही, मूळ कागद काढून ठेव. नकाशाशी ताडून पाहू."

रविवारी ती मामांकडे गेली. मामांनी देवाच्या तसबिरीमागून पाकीट काढलं. ते चिकटवलेलंच होतं.

"मामा, तुमी ह्या फोडलास नाय?"

"फोडून काय करू? मास्तर ता पिशवीत घेवन विजयदुर्गाक भयणीकडे गेलो. दहा दिवसांनी इलो. तवसर लावणी झाली."

सरलाने पाकीट फोडलं. यादीत तीन, आठ, नऊ. शेतात एक, चार, पाच. पायाखालची वाळू सरकली.

"मगे कुणगे कोणी ठरयल्यान?"

"मिया नाय," मामा अभिमानाने म्हणाले. "तू सांगललंस ना, मिया ठरवूचा नाय, तुयाय नाय? मगे रवलो कोण? रवळनाथ!"

आणि मग सगळं बाहेर आलं. पोत्यांतली घोळ सुकायला लागली होती. मामा सरळ देवळात गेले आणि धोंडू गुरवाला म्हणाले, कौल लाव. कौलाची रीत सगळ्यांना ठाऊक असते. मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. लग्न, विहीर, भांडण, सगळं गाव असंच विचारतं. पण एका शेतासाठी एवढे कौल त्या देवळात कधी कोणी मागितले नव्हते. दोन दिवस लागले. "बा देवा रवळनाथा म्हाराजा! तेरा नंबरच्या कुणग्यात ही खारी घोळ लावूची आसली तर उजवो कौल दी म्हाराजा!" आणि देवळात टेकलेली चार माणसं ओरडायची, "व्हय म्हाराजा!" दुसऱ्या दिवशी धोंडूचा घसा बसला.

"माका सांगलास कित्याक नाय?"

"तू इचारलंस खंय?"

सरला खळ्यात जाऊन बसली. वर्षभराची मेहनत, रजा, पगार, आईची बोलणी, सगळं एका पाकळीवर गेलं होतं. मूळ यादी चुलीत घालायची आणि शेताशी जुळणारी नवी टाइप करायची, कोणाला कळणार होतं? कुडाळला टाइपरायटर होता. सर प्रत ठेवत नाहीत. तासभर ती हाच विचार करत होती, खोटं कशाला बोला. मग मामा पन्ह्याचा पेला घेऊन आले आणि घाबरत म्हणाले, "माजा चुकला काय गो?" त्यांचा चेहरा बघून तिला स्वतःचीच लाज वाटली. यादी तिने पर्समध्ये ठेवली.

सोमवारी सर आले. बारीक अंगाचा माणूस, मे महिन्यात छत्री घेऊन. बांधावर पाऊल ठेवल्याबरोबर सरलाने एका दमात सगळं सांगून टाकलं आणि डोळे मिटून घेतले.

सरांनी छत्री मिटली. मग म्हणाले, "गुरव भेटेल का?"

देवळात सरांनी धोंडूची उलटतपासणी घेतली. पाकळ्या कोण लावतो? दोन्हींकडे पाणी सारखंच का? कुणगा कुठला चांगला, कुठला वाईट, हे तुम्हाला ठाऊक होतं का? धोंडू म्हणाला, "माका फकत नंबर सांगी. शेत माज्या बापाचा आसा काय?" मग सरांनी हळूच विचारलं, "आणि कौल मनासारखा आला नाही, तर पुन्हा लावता?"

धोंडूने उत्तर देण्याआधीच मामा बोलले. "सात नंबर माज्या आवशीचो कुणगो. ती थंय भाताच्या रोपांचो तरवो काढी. माका थंय घोळ व्हयीच होती. देवान डावो दिल्यान."

"मग?"

"मगे काय? एकदा दिलो तो दिलो. दोन रात्री झोप नाय लागली."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "सरला, माझ्या हाताखाली अकरा जणांनी प्रयोग केले. हवा तो तुकडा यादीत आला नाही, की अकराही जण नवी यादी मागायला आले. तूसुद्धा."

सरलाला ते आठवलं. ती गोरीमोरी झाली.

"आमचा तो यंत्राचा हात," सर मामांना सांगू लागले, "कोपऱ्यात अडकला की अडकला. कितीही हुशार गणित घाला, तिथेच डोकं आपटतो. शेवटी त्याला शिकवलं, अडकलास की नाणं टाक आणि पडेल त्या बाजूला वीतभर सरक. सुटतो! लोक मला हसतात."

मामांना हाताचं काही कळलं नाही. पण त्यांनी मान डोलावली. "म्हणजे तोय कौल लावता."

सर असे हसले की देवळातली कबुतरं उडाली. उत्साहाच्या भरात ते धोंडूला म्हणाले, आता सहज शंभर कौल लावून बघू, उजवे किती नि डावे किती. धोंडू ताठ उभा राहिला. "देव काय परीक्षेक बसलो हा?" सरांनी चक्क स्वतःचे कान धरले. मग त्यांनी मामांच्या हिशेबावर भागवलं. सदतिसाव्या कुणग्यापर्यंत वीस उजवे, सतरा डावे. तिथे रोपं संपली, म्हणून उरलेले तीन आपोआप मोकळे राहिले होते.

"ते तीन देवाने ठरवलेले नाहीत," सर म्हणाले. "बाजूला काढ. बाकी सगळं चालेल."

"चालेल?" सरलाने विचारलं.

"पण कौलाने निवडले असंच लिहायचं. परीक्षक हसतील, हसू दे. दुसरं काही लिहिलंस तर मी सही करणार नाही."

दुपारभर दोघं खळ्यात आकडेमोड करत बसली. मामा आंबे कापत होते आणि मध्येच विचारत होते, झाला काय? चारच्या सुमाराला सरांनी पेन्सिल खाली ठेवली. घोळ लावलेल्या कुणग्यांतलं मीठ तिसऱ्या हिश्शाने कमी होतं, आणि हे नुसत्या नशिबाने घडायची शक्यता शंभरात एकसुद्धा नव्हती. सरला हसता हसता रडायला लागली. मामांनी आंब्याच्या हातांनी तिचे डोळे पुसले, त्यामुळे ती आणखीच रडली.

भाद्रपदात घोळ काढलेले वीस कुणगे भाताने हिरवेगार झाले. मोकळे राहिलेले पिवळे आणि विरळ, आणि त्यांत सात नंबर सगळ्यांत टकला. मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला बांधावर उभं करून तोच दाखवायचे. अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीत सरलाला डिग्री मिळाली. परीक्षक खरोखरच हसले, आणि मग त्यांनी कौलाबद्दल तासभर प्रश्न विचारले.

पेढे घेऊन ती मामांकडे आली, तेव्हा बरोबर घोळीची टोपली होती.

"सात नंबरात लावया, मामा."

मामा दचकले. "देवाक इचारूक नको?"

"आता कित्याक? आता कळला ना आपणाक!"

म्हातारा आईच्या कुणग्यात गुडघ्यांवर बसला. पहिलं रोप हातात घेतलं, पण सवयीने तोंडून गाऱ्हाणं निघालंच, "बा देवा म्हाराजा, माज्या आवशीचो कुणगो परत पिकांदे रे म्हाराजा!"

बांधावर दुसरं कोणीच नव्हतं. डॉक्टर सरला परुळेकरने टोपली खाली ठेवली आणि खाडीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "व्हय म्हाराजा!"