‘लगेच येते’ सांगणारे कुलूप

मी एक जुने पितळी कुलूप आहे. अंगाने गोल, मुठीत मावणार नाही एवढे, आणि तोंडावर चावीचे भोक झाकणारी एक छोटी सरकती पट्टी. माझ्या पोटात सात खटके आहेत. मित्रांनो, कुलूप म्हटले की तुम्हाला चोर आठवतो. खरे तर चोराशी आमची गाठ क्वचितच पडते. आमचे रोजचे काम निराळे आहे. आम्ही एक वाक्य बोलतो: ‘आत कोणी नाही.’ आम्हाला तेवढे एकच वाक्य येते आणि लोक त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतात. दाराला कुलूप दिसले की माणूस हाकसुद्धा मारत नाही, आल्या पावली परत फिरतो. या एकुलत्या एक वाक्याची मला लाज वाटावी असे काही घडले. तेच सांगते.

माझे पितळ एका भट्टीत वितळले. ज्या कारागिराने माझे खटके बसवले, तो कानशीचे दोन हात मारायचा, चावी फिरवायचा आणि कान लावून ऐकायचा. त्याचे समाधान झाल्यावर त्याने मला टोपलीत टाकले. तिथून मी बाजारात गेले आणि एका वह्या-पेन्सिलींच्या दुकानदाराने मला घेतले.

त्याच्या दुकानाच्या दारावर माझी सारी उमेदीची वर्षे गेली. दुकानदार मला कधी तेल घालत नसे. “तेलानं धूळ चिकटते,” म्हणे. तो शिसपेन्सिलीचे टोक पात्याने खरवडून त्याची काळी पूड माझ्या भोकात फुंकायचा. त्या पुडीने माझे खटके असे हलत की चावीलाही पत्ता लागू नये. मला लावले की तो दोन हिसके द्यायचा. आणि त्याची आणखी एक पद्धत होती. जेवायला किंवा कुठे जवळ जायचे असेल, तर माझे तोंड बाहेर ठेवायचा. म्हणजे ‘लगेच येतो’. दिवसाचे दुकान आटोपले, की तोंड दाराकडे; म्हणजे ‘आता उद्या’. सगळ्या बाजाराला ही खूण पाठ होती. शाळेची मुले माझे तोंड बाहेर दिसले की पायरीवर बसून राहत.

दुकानदाराची मुलगीही त्याच पायरीवर वाढली. काडीसारखी बारीक, म्हणून तो तिला शिसपेन म्हणायचा. मला लावायचा मान तिचा असे. “तोंड कुठं, शिसपेन?” तो विचारायचा. “बाहेर!” ती ओरडायची आणि दोन हिसके द्यायची. तिच्या हाताला तेव्हापासून जे वळण पडले, ते पडलेच.

पुढे बाजाराच्या तोंडाशी एक मोठे चकचकीत दुकान निघाले आणि आमच्या पायरीवर कोणी बसेनासे झाले. त्या शेवटच्या वर्षी दुकानदार एक गोष्ट करू लागला. दुपारी मला तोंड बाहेर करून लावायचा, बोळातून वळसा घालून मागच्या दाराने आत यायचा आणि अंधारात स्टुलावर बसून राहायचा. गिऱ्हाईक नाही म्हणून हातावर हात ठेवून बसलेला माणूस बाजाराला दिसू नये, एवढ्यासाठी. कुलूप दिसले की लोकांना वाटे, माणूस कामात आहे. हे घरी कोणाला कळले नाही. शिसपेन तेव्हा शिकायला बाहेर होती.

शेवटी दुकान बंद पडले. मी घरात एका खिळ्यावर धूळ खात पडले. मग शिसपेनला नोकरी लागली. एका मध्यम शहरात, पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत. ते शहर असे, की चालत निघाले तर अर्ध्या दिवसात ओलांडून होईल, पण ओळखीचा चेहरा दिसणार नाही. निघताना दुकानदाराने मला तिच्या पिशवीत घातले. एक चावी तिला दिली, एक आपल्या खिशात ठेवली. “अडीनडीला असू दे,” म्हणाला.

तिची खोली पहिल्या मजल्यावर होती. पुढे लांब सज्जा, तो थेट रस्त्यावरून दिसणारा. मागे सगळ्यांची मिळून एक गच्ची आणि तिथे पाण्याचे नळ. प्रत्येक खोलीला दोन दारे, एक सज्ज्यात, एक गच्चीत. सज्ज्याच्या टोकाच्या खोलीत एक नर्सबाई राहत. खोलीत शिसपेनने एक पलंग, एक शेगडी, एक खुर्ची मांडली. खुर्ची एकच घेतली. दुसरी घ्यायची वेळ आलीच नाही.

सोमवार ते शनिवार तिचे बरे चाले. प्रयोगशाळेत नमुन्यांच्या बाटल्या असत, रंग बदलणारी द्रावणे असत, त्यांच्याशी तिचे जमे. माणसांशी बोलताना मात्र तिचे वाक्य मनात तयार होईपर्यंत समोरचा दुसऱ्या विषयावर गेलेला असे. एकदा तिथल्या मैत्रीने वागणाऱ्या एका सहकारी मुलीने सहज विचारले, “रविवारी काय करतेस गं?” आणि शिसपेन पटकन बोलून गेली, “मैत्रिणींबरोबर असते.” कुठल्या मैत्रिणी? या शहरात तिला नावाने हाक मारणारा वाणीसुद्धा नव्हता.

एक खोटे बोलले की त्याला सोबत लागते. ती सहकारी त्याच गल्लीच्या तोंडाशी राहत होती आणि रविवारी भाजी घेऊन आमच्या सज्ज्याखालूनच जाई. दार उघडे दिसले तर? म्हणून पुढच्या रविवारी सकाळीच शिसपेन बाहेर आली, तिने मला कडीला लावले, दोन हिसके दिले, सज्ज्यातून गच्चीवर गेली आणि मागच्या दाराने आत शिरून कडी घातली.

मित्रांनो, ही युक्ती मला नवी नव्हती. बापाने ती लेकीला कधी शिकवली नव्हती, लेकीने कधी पाहिली नव्हती. तरी ती तिच्याकडे आली होती, जशी त्याच्या हनुवटीची खळी आली होती. आणि हाताला वळण असे, की तिने माझे तोंड बाहेरच ठेवले. सगळ्या गल्लीला मी सांगत होते, ‘आत कोणी नाही, लगेच येते.’ आणि दाराच्या फटीतून मला आतला श्वास ऐकू येत होता. ती पंखासुद्धा लावत नसे. भांडे पडू नये म्हणून ताट मांडीवर घेऊन जेवत असे.

घरून फोन येई. “मैत्रिणी झाल्या का गं?” आई विचारी.

“खूप! मागच्या रविवारी तळ्यावर गेलो होतो. हसून हसून पोट दुखलं.”

फोन ठेवल्यावर ती कितीतरी वेळ भिंतीकडे बघत बसे. लाज वाटायला बघणारे कोणी लागतेच असे नाही.

एका रविवारी जिन्यावर पावले वाजली. ती सहकारी आणि आणखी एक मुलगी. माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“घ्या! कुलूप.”

“हिचं बरं आहे बाई. रविवारी हिचा पाय घरात ठरत नाही.”

“सिनेमाला आली असती आपल्याबरोबर. तिसरं तिकीट वाया.”

“अगं, तिला काय आपली पडलीय? तिचा मोठा गोतावळा आहे.”

दाराच्या आतून एक तळहात अगदी माझ्या पाठीमागे टेकला होता. लाकडातून मला त्याची धग कळत होती. पण ती बोलणार कशी? कुलूप बाहेरून लावलेले! त्या दोघी हसत खाली गेल्या. ज्यांच्यापासून मैत्रिणी नसल्याचे लपवायचे, त्याच मैत्रिणी व्हायला आल्या होत्या आणि मी त्यांना दारातून परत पाठवले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पुन्हा बोलवायला त्या आल्या नाहीत.

आणि मग तो रविवार आला. दुपारी जिन्यावर एक ओळखीची चाल वाजली. डावा पाय जरा घासत टाकणारी. दुकानदार! हातात कापडी पिशवी, कपाळावर घाम. न कळवता आला होता, लेकीला चकित करायला, असे मला वाटले. मला पाहून तो हसलाच.

“काय रे, ओळखलंस का?” म्हणाला आणि अंगठ्याने माझे तोंड पुसले.

नर्सबाई आपल्या दारात शेंगा सोलत बसल्या होत्या. “कोण पाहिजे?”

“मी हिचा बाबा. बाहेर गेलेली दिसतेय.”

नर्सबाईंनी एकदा दाराकडे पाहिले, एकदा त्याच्याकडे. “मला काय माहीत? तुमची मुलगी फार शांत. असली काय, नसली काय.”

“शांत? छे हो! घरी फोनवर तासन्‌तास मैत्रिणींचं सांगते. इथं येताना काळजी होती मला. एकलकोंडी पोर, हिचं कसं होणार? पण बघा, रविवार आहे आणि घराला कुलूप! बरं वाटलं.” त्याने पिशवी माझ्या कडीला अडकवली. “आणि लांब नाही गेली. तोंड बाहेर आहे. म्हणजे लगेच येणार.”

“चावी नाही का तुमच्याकडे?”

“आहे की. पण पोरीच्या माघारी तिच्या खोलीत कसं शिरायचं? बसतो इथंच.”

आणि तो उंबऱ्यावर बसला, दाराला पाठ टेकून. फळीच्या एका बाजूला बाप, दुसऱ्या बाजूला लेक. तिने दार ठोठावून हाक मारली असती, तर त्याच्या चेहऱ्यावरचा तो आनंद गेला असता. नाही मारली, तर तो तसाच बसून राहणार होता. तिचा श्वासही आता ऐकू येईना. मी त्याच्या डोक्यावर लटकत होते आणि त्याने जपलेल्या माझ्याच खुणेने त्याला फसवत होते. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे वाटले. पण कुलपाला तेवढे सुटता कुठे येते?

ऊन सज्ज्यात शिरले. नर्सबाईंनी चहा दिला. त्याने तो आवाज करत प्यायला. बराच वेळ गेला. शेवटी त्या म्हणाल्या, “मागं गच्चीत नळ आहे. तोंडावर पाणी मारा जरा. जा, मागच्या बाजूला जा.” ते ‘मागच्या बाजूला’ त्यांनी जरा ठासून म्हटले.

गच्चीत काय झाले ते मला दिसले नाही. नंतर बोलण्यातून कळले: तिच्या मागच्या दाराबाहेर तिच्या चपला होत्या, ओल्या, आणि दाराला आतून कडी होती.

तो परत आला तेव्हा त्याची चाल बदलली होती. डावा पाय आता जास्तच घासत होता. तो माझ्यासमोर उभा राहिला. दुसरा कोणी असता तर त्याने हाक मारली असती, तो रागावला असता. पण अंधारात स्टुलावर बसलेला माणूस त्याला आतून माहीत होता.

त्याने खिशातून चावी काढली. माझी पट्टी सरकवली. सातही खटके ओळखीच्या हातासाठी उचलले गेले. आत काहीतरी धडपडले. तो आता दार ढकलणार, असे तिला वाटले असेल. मलाही वाटले. पण त्याने मला कडीतून काढले, उलटे केले आणि तोंड दाराकडे करून पुन्हा लावले. दोन हिसके दिले. पिशवी तशीच ठेवली आणि जिन्याकडे वळला.

त्या आवाजांचा अर्थ समजणारे माणूस त्या शहरात एकच होते. चावी फिरली, कुलूप उलटले, दोन हिसके: आज बंद, आता उद्या. बाबांना कळले होते, आणि तिला न लाजवता ते निघाले होते.

“बाबा.”

दारातून आलेला तो आवाज इतका बारीक होता की मला आधी चावीचाच वाटला. जिन्यावरची पावले थांबली.

“बाबा, उघडा. मला आतून उघडता येत नाही.”

तो परत आला आणि त्याने मला काढले. दार उघडले. ती समोर उभी होती, विस्कटलेली, डोळे सुजलेली, मान खाली. त्याने खोलीभर नजर फिरवली आणि ती त्या एकुलत्या खुर्चीवर थांबली.

“एवढ्या मैत्रिणी,” तो म्हणाला, “आणि दार उघडायला एकही आली नाही?”

ती हसायला गेली आणि रडू लागली. “कोणी नाही इथं माझं. सगळं खोटं सांगितलं. तळं मी पाहिलंसुद्धा नाही.”

“तुझ्या आईला संशय आला होता. म्हणाली, पोरगी मैत्रिणींचं पुष्कळ सांगते, पण नाव एकीचंही नाही. म्हणूनच आलो. कुलूप बघून मात्र फसलो.” तो पलंगाच्या कडेला टेकला. “फसायला नको होतं. दुकानाच्या शेवटच्या वर्षी मीही हेच करायचो. पुढं कुलूप आणि आत मी.”

तिने मान वर केली. “मला नाही माहीत.”

“कसं असणार? कुलूप कुठं बोलतं?”

मी त्याच्या हातात होते. त्याने एखाद्या पोराचा गाल पुसावा तसे मला पुसले आणि विचारले, “एखादी शिसपेन्सिल आहे का गं? घशाला कोरड पडलीय याच्या.”

त्या दिवशी दोघे तळे बघायला गेले. तळे फार मोठे नव्हते, असे ती रात्री आईला फोनवर म्हणाली. जाताना तिने मला खरोखरच्या कामासाठी लावले. रविवारी तसे खरे वाक्य बोलून मला किती दिवस झाले होते!

मित्रांनो, त्यानंतर सगळे गोड झाले, असे मी सांगणार नाही. एक खोटे खूप झाले. पुढच्या रविवारी तिने पुढचे दार सताड उघडे ठेवले आणि दिवसभर कोणीही आले नाही. लाजेने तिचे कान लाल होत, पण तिने दार लोटले नाही. त्याच्या पुढच्या रविवारी नर्सबाई काडेपेटी मागायला आल्या आणि शेंगा सोलेपर्यंत बसल्या. खुर्चीवर त्या, उंबऱ्यावर ती. सहकारी मुलगी खालून भाजी घेऊन गेली. शिसपेनने तिला हाक मारली. वाक्य मनात तयार व्हायच्या आत मारली, म्हणून ती जरा मोठ्यानेच गेली. मुलीने वर पाहिले आणि हात केला. वर आली नाही. त्या दिवशी तेवढेच.

रविवारी मी आता आतल्या खिळ्यावर असते. तुम्हाला एकच विनवणी. तुमच्या घरच्या कुलपाला तेल घालू नका, पेन्सिलीची पूड फुंका. आणि आत कोणी असताना त्याला बाहेर टांगू नका. आम्हाला एकच वाक्य येते, ते खरे राहू द्या. आणि कधी एखाद्या दाराशी माझ्यासारखे कुणी लटकलेले दिसले, तर परत फिरण्याआधी एक हाक मारून बघा. आतला तळहात लाकडावर टेकलेला असेल, तर त्याला ती ऐकू जाईल.