शटलच्या वेळेचा भित्रा पूल

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी पूल आहे आणि खरं सांगतो, मी फार भित्रा आहे. बऱ्हाणपूरजवळच्या एका छोट्या स्टेशनात, दोन लाइनींच्या डोक्यावर मी उभा आहे. मला बांधलं तेव्हा गावाने नारळ फोडला होता. म्हाताऱ्या बायासुद्धा हौसेने वर चढून केळीच्या बागा बघून गेल्या. मी किती फुगलो होतो! आता माझा रंग उडाला आहे आणि बेचाळीस पायऱ्या चढायचा सगळ्यांना कंटाळा येतो.

सकाळी शटल गाडी आली की माझी भीती सुरू होते. कागद कारखान्याच्या गावी रोज अप-डाऊन करणाऱ्यांनी एक युक्ती काढली आहे. शटलच्या पलीकडच्या फलाटावर गर्दी असते, म्हणून माझ्यावरून जायचं सोडून ते अलीकडची लाइन ओलांडून मधल्या खडीवर उभे राहतात आणि उलट्या बाजूने चढून जागा धरतात. अलीकडच्या लाइनीवर त्या वेळी गाडी नसते, हे त्यांनी पाठच करून ठेवलं आहे.

जसोंडी गावची सुनीता कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते. तिची मुलगी मोनाली तिथल्याच कॉलेजात शिकते. त्या दिवशी दोघी खडीवर उभ्या होत्या. समोर शटल येऊन थांबली आणि तेवढ्यात, मित्रांनो, मला लांबून मेल गाडी दिसली. ती दोन तास लेट होती आणि अलीकडच्या लाइनीवरून सुसाट येत होती. मायलेकींची तिच्याकडे पाठ होती. मी इतका मोठा, पण मला ना हात, ना आवाज.

नशीब, माझ्यावर आत्मारामबाबा होते. रेल्वे फाटकावरचे हे जुने गेटमन रोज माझ्यावरून बागेत जाऊन येतात.

"ए सुनीता! हट! पीछे मेल आहे!"

शटलच्या भोंग्यात कुणाला ऐकू जाणार? बाबांनी हातातली केळ्यांची फणीच खाली भिरकावली. ती मोनालीच्या खांद्यावर आदळली. तिने चिडून वर पाहिलं आणि बाबांचं बोट जिकडे होतं तिकडे पाहिलं. तिने आईला ओढून शटलच्या पायरीवर चढवलं आणि स्वतःही चढली. पाठीमागून मेल धडधडत गेली. माझा नट न् नट थरथरत होता.

चार दिवस मायलेकी माझ्यावरून आल्या. पाचव्या दिवशी उशीर झाला.

"आजच्या दिवस, बेटा. गुडघे दुखून राहिले," सुनीता म्हणाली आणि रुळांवर उतरली.

मोनाली एकटीच वर चढली. मधोमध थांबून तिने माझा कठडा घट्ट धरला.

"आई, पीछे देख! जल्दी कर!"

त्या दिवशी मेल आली नाही. सुनीताने खिडकीतून हसून हात केला. मोनालीने मात्र कठडा सोडला नाही.

मित्रांनो, माझा रंग उडू द्या, त्याचं मला काही नाही. पण उशीर झाला तर गाडी चुकू द्या आणि माझ्यावरूनच या. तुमची वाट बघणारं माणूस माझ्यासारखं रोज भीत असतं.